शेवटचे रीळ येईपर्यंत

मित्रांनो, गेल्या गुरुवारी मला पाडले. बरे, ते राहू द्या. तसे काही झालेलेच नाही.

मी एक जुने सिनेमागृह आहे, अ‍ॅटलस डोंगराच्या पायथ्याच्या तामरूत गावातले. सध्या माझ्यात मध्यंतर चालू आहे. जरा लांबले आहे, एवढेच.

त्याचे असे झाले. आम्हांत आणि डोंगरापलीकडच्या ऐन झित गावात मिळून सिनेमाची एकच प्रत असे. एका गावात रीळ संपले की ते खेचरावर बसून दुसऱ्या गावात येई. त्या ईदेला पहिला मान तिकडचा होता. शेवट त्यांना इतका आवडला, की ते तोच पुन्हा पुन्हा लावत बसले. माझे मालक सी जिलाली भडकले. "मग बघा म्हणावं नुसता शेवट!" असे म्हणून त्यांनी बाकीची रिळे कुलपात घातली.

पंचाईत झाली ती मशीनवाल्या थामीची. त्याने त्याच संध्याकाळी तिकीटवाल्या रुकय्याला मागणी घातली होती.

"पडद्यावरच्या दोघांचं लग्न झालं, तर माझा होकार," ती म्हणाली होती. "कुणी विहिरीत उडी घेतली, तर विषय संपला."

"आणि रीळच नाही आलं तर?"

"मग मध्यंतर."

पुढे माझ्या खुर्च्या गेल्या आणि बार्लीची पोती आली. फार शिस्तीचे प्रेक्षक! पण शिट्टी म्हणून वाजवत नाहीत. ती कुणाची वाट पाहतात, मला कळले नाही. थामी मात्र दर गुरुवारी यायचा आणि मशीनला तेल घालायचा. रुकय्या खिडकीमागच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची.

"ऐन झितात जाऊन बघून या की," लोक म्हणत.

"त्या चोरांचं तिकीट काढू?" ती विचारी.

गेल्या गुरुवारी नगरपालिकेचे यंत्र आले. थामीच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, त्यांवर माझाच चुना पडला.

"लल्ला रुकय्या, बाईसाहेब, आता तरी सांगा! भिंत पडतेय!"

"भिंत पडतेय. सिनेमा संपलाय का?" ती म्हणाली. मग बाकावर सरकली आणि बियांचा पुडा त्याच्यापुढे धरला. "बसा. मध्यंतरात उभं राहतं का कुणी?"

तो बसला.

मला यातले नीट उमगलेले नाही. छप्पर दिसत नाही, पण दोन प्रेक्षक आहेत. म्हणजे मी असणारच.

तरी संबंधित कार्यालयास नम्र विनंती, की शेवटचे रीळ प्राप्त होईपर्यंत प्रस्तुत मध्यंतरास मुदतवाढ मिळावी, आणि तोवर उभय प्रेक्षकांना जागेवरून उठवू नये.