नमद्याचे तुकडे

कारखान्यातून शिवायला घरी आणलेला नमदा कमी होतोय हे तिच्या लक्षात आलं होतं. पण सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या शिवणाऱ्या बाईभोवती चिंध्यांचा ढीग असायचाच, तुकडे कोण मोजतंय? फरशीवर चरे पडू नयेत म्हणून खुर्च्यांच्या पायांखाली लावायचं ते जाड लोकरी कापड कुठे जातंय, हे तिला त्या दुपारी कळलं. डुगडुगणारी खुर्ची नीट करायला तिनं ती उलटी केली होती.

चारही पायांना नमदा. गोल कापलेला, कडा साफ. कामात खोट काढायला जागा नाही. दुसरी खुर्ची उलटली, तिलाही तेच. टेबलाला, स्टुलाला, कपाटाच्या दाराला आतून. शेवटी दारामागची लेकीची चप्पल उचलली. तिच्याही तळाला नमदा.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आई!"

तिची आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "अगं हळू! केवढ्यांदा ओरडतेस?"

"हे कुणी शिकवलं हिला?"

"शिकवायला कशाला हवं, पोर शहाणी आहे. मी एवढंच म्हटलं, घर शांत ठेवलंस तर आई लवकर उठेल. उठलीस की नाही?"

"गोळ्यांनी उठले मी! डॉक्टरीणबाईंनी उठवलं!"

"बरं बाई, गोळ्यांनी." म्हातारी हसली. "पण भोंग्याचं मांजर केलं ना मी?"

भोंगा हे पोरीचं टोपणनाव. तान्ही असताना अशी रडायची की खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीनं ते ठेवलं होतं. पुढे रडण्याऐवजी ती गायला लागली. आता दहाव्या वर्षी नाव तेवढं उरलं होतं. गाणं कधी थांबलं, हे सात महिने भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईला कुठून कळणार?

"मांजर," ती म्हणाली. "मलाही केलंस तू मांजर. बाबा असेच पडून असायचे, तेव्हा मी चपला हातात धरून चालायचे. बाबांचं डोकं दुखतंय म्हणायचीस. चार वर्षं डोकं दुखतं का गं कुणाचं? माझ्या हातून पेला पडला आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. आजवर मला वाटतं, तो पेला मी नीट धरायला हवा होता."

म्हातारीचं हसू मावळलं. "मला काय ठाऊक... तू बोलली नाहीस कधी."

"बोलायची सोय ठेवली होतीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई. चारचौघांत..."

"आत बोटं कुजली त्या मुठीत! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? हा आजार घराण्यात उतरू शकतो, पण उतरायलाच हवा असा नेम नाही. लेकीला सांगा. नाही सांगितलंत तर ती स्वतःच कारण शोधेल, आणि मुलांचं पहिलं बोट स्वतःकडेच जातं. दोन महिने झाले त्याला. मीही आज-उद्या करत बसले. तुझीच लेक ना!"

खुर्चीच्या पायाचा नमदा तिनं कानशीच्या टोकानं खरवडून काढला. दुसरा काढला. तिसऱ्याला हात घातला आणि दचकली. भोंगा दारात उभी होती. शाळेतून कधी आली, कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

पोरीनं उलट्या खुर्च्या पाहिल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, मी परत लावते. लगेच लावते. तू झोपू नकोस."

हातातली कानस खाली पडली. ती फरशीवरच बसली, लेकीला समोर बसवून घेतलं.

"ऐक. मला आजार आहे. डिप्रेशन म्हणतात त्याला. तुझ्या आजोबांनाही होता. माझ्यावर औषध चालू आहे. तो तुझ्या आवाजानं आला नाही आणि तुझ्या गप्प बसण्यानं गेला नाही."



"माझ्यामुळं नाही?"

"नाही."

"मग मी एवढी गप्प बसले, ते?"

गोड काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "त्याचा काही उपयोग नव्हता, बाळा."

"मग सांगितलं का नाहीस?" भोंग्याचा आवाज चिरकला. "शाळेच्या नाटकात माझं गाणं होतं! मी नको म्हणाले! घरी सराव करावा लागला असता म्हणून! सगळे हसले मला, आणि तू... तू बघितलंसुद्धा नाहीस माझ्याकडं!"

देवानं पोरीला गळा दिला आणि आपण त्याला नमदा लावला, तिच्या मनात आलं. पोरीनं खुर्चीला लाथ मारली. उलटी खुर्ची फरशीवर करकरत भिंतीला जाऊन आदळली.

"श्श!" म्हातारी पुढे झाली. "खालचे काय म्हणतील? आईशी असं..."

तिनं म्हातारीचं मनगट धरलं. घट्ट.

"बोलू दे तिला."

"अगं, पण तुला त्रास होईल!"

"होऊ दे."

खालून घड्याळजीनं छताला काठी ठोकली. तिघींपैकी कुणीच हललं नाही.

पोरीनं बाहीनं नाक पुसलं. "अजून आहे माझं," ती म्हणाली. रागानंच.

"बोल," आई म्हणाली. "मोठ्यानं बोल."