सर्पगंधेच्या मुळातली बुरशी

मी बुरशी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका! लोणच्याच्या बरणीत शिरून तुमची वर्षाची मेहनत नासवते, ती माझी लांबची नातेवाईक. तिच्या पापाचं खापर माझ्या डोक्यावर कशाला फोडता? मी राहत होते सर्पगंधेच्या मुळात, अगदी आत, सालीखाली.

देवनहळ्ळीजवळ नागोजीरावांचा द्राक्षमळा होता. त्याच्या बांधाला सर्पगंधेची झाडं होती आणि त्यांच्या मुळांत आमचं बिऱ्हाड. झाड मला खाऊपिऊ घालायचं. कीड आली की मी एक कडू रस करायची आणि दोघांचं घर राखायची. त्या रसाने माणसांचा रक्तदाब उतरतो म्हणे. आम्हाला काय ठाऊक!

पण रस मुळात, म्हणजे औषध हवं तर झाडच उपटायचं. यशवंतपूरचे व्यापारी असली झाडं धुंडाळत फिरायचे. नागोजीरावांची धाकटी बहीण अनुसूया बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिला हे उपटणं बघवत नसे. १९९४ साली तिने बांधावरचं एक मूळ नेलं आणि स्पिरिटने धुतलं. सालीवरचे सगळे जंतू मेले, आत दडलेली मी वाचले. मग बटाट्याचा रस आणि साखर थिजवलेल्या काचेच्या बशीत तिने मुळाचा तुकडा ठेवला. काही दिवसांनी मी हळूच बाहेर डोकावले.

तिने मला मुळापासून वेगळं करून दुसऱ्या बशीत वाढवलं आणि तपासलं. तोच कडू रस मी झाडाशिवाय केला होता! पोरगी आनंदाने रडली. तेवढं कौतुक माझ्या जातीचं कुणी कधी केलं नसेल.

पुढच्याच आठवड्यात नागोजीराव पिशवीभर पपनसं घेऊन आले. तिने त्यांना बशी दाखवली.

"अण्णा, ही बघ. औषध हीच करते. आता झाडं उपटायला नकोत."

"ही? शिळ्या भाकरीवर येते तशीच दिसते की गं!"

"हसू नको रे. व्यापारी आला तर इल्ला, नाही म्हणून सांग."

"सरी, ठीक आहे. तू म्हणतेस तर एका झाडाला हात लावू देणार नाही."

त्यानंतर माझे लाड सुरू झाले. एका बशीतून दुसऱ्या बशीत, दरवेळी ताजं, गोड जेवण. ना कीड, ना तहान, ना कुणाचा शेजार. मग कडू रस करायचा तरी कुणासाठी? दर बशीगणिक तो कमी होत गेला. पुढे करायला गेले तर जमेचना.

अनुसूया घाबरली. "माझंच काहीतरी चुकतंय," असं पुटपुटत तिने साखर वाढवली. अगं बाई, साखर नको! मला एखाद्या जित्या, ओल्या मुळात नेऊन सोड! पण बशीतल्या बुरशीचं कोण ऐकणार? मी नुसती फुगत राहिले.

विभागप्रमुख चंद्रकांत सर पुण्याचे, स्वभावाने वाईट नव्हते. पण त्यांचाही धीर सुटला. "अगं, सुरुवातीला मुळातलाच रस बशीत उतरला असेल. आता हे खूळ पुरे. औषधासाठी मुळंच मागव. तुमच्या मळ्यात आहेत ना?"

"सर, हिने केला होता. मी स्वतः पाहिलंय."

"मग आता दाखव."

अनुसूयेने माझ्याकडे पाहिलं. मी पांढरीशुभ्र, गुबगुबीत, बशी भरून पसरले होते. एक थेंब, फक्त एक थेंब जमला असता तर! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "अण्णा... झाडं लागतील. हो, सगळी. हो रे, मीच नको म्हटलं होतं."

नागोजीराव स्वतः पोतं घेऊन आले. रागावले नाहीत. माझ्या बशीशेजारी पोतं ठेवून ते म्हणाले, "कोवळी रोपंसुद्धा काढली, तू सगळी म्हणालीस म्हणून. धुऊन कडक उन्हात वाळवलीत. एक मूळ ओलं ठेवलं नाही बघ. म्हटलं, बुरशी लागायला नको."

अनुसूयेने पोत्यातलं एक मूळ घेतलं. ते तिच्या हातात कटकन मोडलं. आत माझी भावंडं होती, उन्हात वाळून मेलेली.

आता सत्त्याण्णव साल आहे. मी फ्रिजमध्ये एका परीक्षानळीत पडून आहे. टाकून द्यायला अनुसूयेचा हात धजला नाही. तुमच्या बांधावर, कुंपणाशी कुठे सर्पगंधा उरली असेल, तर पाया पडते, तिला उपटू नका. माझी आणि तिची गाठ पडेल न पडेल. तिच्या मुळात माझं कुणीतरी अजून राहत असेल.