दसरूची पन्नी

खर्र्याची पन्नी दसरूच्या हातातून निघाली, शेकोटीभोवतीच्या सगळ्या हातांतून फिरली आणि वारलूपाशी येण्याआधीच मागे वळली.

वारलूने फाटकाकडे तोंड फिरवलं. मोहर्लीच्या जंगल-फाटकावर पहाटे पर्यटकांच्या जिप्सी सुटायच्या आधी गाइड मंडळींचा हा नेमच होता. एकाने प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, सगळ्यांनी चिमूट घ्यायची. पूर्वी दसरूची पन्नी आधी वारलूकडे यायची. मग वारलूला टीबी झाला. सहा महिने गोळ्या खाऊन तो बरा झाला, आता याच्यापासून कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. खर्रा मात्र कायमचा बंद, असंही सांगितलं. म्हणजे पन्नी आली असती तरी त्याने खाल्ला नसताच. पण खायचं नसलं तरी कुणी 'घे' म्हणावं, असं माणसाला वाटतंच की!

थंडी वाढली तसे सगळे फाटकाजवळच्या टिनाच्या खोलीत दार-खिडकी लावून बसू लागले. वारलू बाहेर दगडावर. 'बाहेर बस' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, फक्त तो आत आला की एकेकाला बाहेरची कामं आठवायची. शेवटी तोच बाहेर बसू लागला आणि मंडळींना सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं.

खोकला मात्र खोलीतच होता. बंद दाराआडून वारलूला तो रोज ऐकू यायचा. कोरडा, खोल, दाबला तरी न दबणारा. दसरूचा. त्याचा शर्टही अंगावर लोंबायला लागला होता. वारलूने तो खोकला ओळखला. सांगावं, तर दसरूच्या नशिबीही हा दगड येणार. न सांगावं, तर खोलीतले सगळेच त्या खोकल्याचे वाटेकरी होणार.

एका सकाळी त्याने दसरूला जिप्सीमागे गाठलं.

"दसरू, थुंकी तपासून घे गा."

"काऊन? मले काय झालं?"

"माहा खोकलाबी असाच होता."

"तुले झाला म्हून सगळ्यायले होते का? थंडीचा खोकला आहे. जा, आपली गाडी पाह्य."

"खोलीची खिडकी तरी उघडी ठेवत जा."

दसरू ताडताड निघून गेला. त्या दिवशी खोलीत तो मोठमोठ्याने हसत होता आणि हसता हसता खोकत होता.

काही दिवसांनी तो यायचाच थांबला. रागारागाने का होईना, तपासायला गेला होता. टीबीच निघाला. फाटकावर वाघ दिसायला वेळ लागेल, बातमीला लागत नाही. "वारलूनंच लावला त्याले," खोलीत कुणीतरी म्हणालं, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं. कुणी कुणाला दिला, हे कोण सांगणार? वारलूलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तेच त्याला आतून कुरतडत होतं.

त्या संध्याकाळी तो दसरूच्या घरी गेला. दसरूची बायको सरिता दारातच थबकली.

"भाऊजी, तुमी? आमच्याकडं कोणीच येऊन नाई राह्यलं जी."

"मी खिडकीपाशी बसतो, वैनी."

दसरू तोंडाला दुपट्टा बांधून खाटेवर बसला होता. वारलूने खिडकी सताड उघडली आणि तिच्याखाली टेकला.

"तू बिमार होता तवा मी आलो नव्हतो," दसरू भिंतीकडे पाहत म्हणाला.

"सीझन होता ना," वारलू म्हणाला.

दसरूचे डोळे भरून आले. सवयीने त्याचा हात खिशात गेला, पन्नी बाहेर आली, वारलूच्या दिशेने पुढे झाली आणि अधांतरीच थांबली.

"नको गा. माह्या हातचा..." त्याने हात मागे घेतला.

वारलू उठला आणि पन्नीतून चिमूटभर खर्रा घेतला.

"डाक्टरनं बंद नाई केला का तुले?"

"केला ना. तुलेबी केला असन."

"केला," दसरू म्हणाला.

चिमूट त्याने तोंडात टाकली नाही. मूठ मिटून तो खिडकीखाली बसून राहिला आणि दिवेलागणीला घराकडे निघाला, तेव्हाही ती मिटलेलीच होती.