चमकणारे काटे

काट्यांवरचा हिरवट रंग आता विझतच आलाय... ड्रॉवरच्या अंधारात डोळे बारीक करून पाहिलं, तरच सातच्या आकड्याजवळ जरासा दिसतो. तिने ड्रॉवर लोटला, पुन्हा उघडला. बाबांचं घड्याळ. आयुष्यात त्यांनी तिला तेवढंच दिलं, तेही जहाज सुटताना, धक्क्यावर, तोंड दुसरीकडे करून – "तिकडे सहा महिने अंधारच असतो म्हणे. असू दे." खरं तर तिकडे तेव्हा उन्हाळा होता, सूर्य मावळतच नव्हता. पण विचारायची पद्धत त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

टेबलावर आलेख पसरला होता. बर्फाच्या समुद्रात तळाचं पाणी म्हातारं. आकाश पाहून त्याला शेकडो वर्षं झालेली, तेव्हा अणुस्फोटांनी हवेत सोडलेलं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, त्यात जवळजवळ नसायलाच हवं. पण तळाशी बारा ठिपके उसळले होते आणि सरांनी त्यांच्यावर आख्खा सिद्धान्त उभा केला होता – वरचं ताजं पाणी इथे थेट तळाला जातं, आजवर कुणालाच कळलं नाही! आज सकाळी तिने सहज पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांची वही काढली, तर बाराच्या बारा तिच्या पाळीतल्या. दुसऱ्या पाळीची एकही नाही.

जहाजावर चमकणारं घड्याळ घातलेलं चालत नाही. त्याच्या रंगातलं ट्रिटियम हवेत झिरपतं, बाटलीत उतरतं. ही सूचना दारावर चिकटवली कुणी? मीच. चारही कोपरे नीट दाबून... आणि पंधरा दिवसांनी, वायरलेसवर बाबा गेल्याचं कळलं त्या दिवशी, मीच बाबांचं घड्याळ पिशवीतून काढून स्वेटरच्या बाहीखाली बांधलं. परत फिरायला अजून महिना होता. हातात दुसरं काय धरायचं होतं मी?

"झाली का सही?" सर दारातूनच म्हणाले. बाटल्या नियमाने भरल्याचा कागद त्यांना चारच्या बैठकीआधी हवा होता. "तुझ्या हातांमुळे मिळालं हे. इतकं काटेकोर कोण करतं?"

ती हसली. एकोणीस वर्षं बाटल्या घासल्या तेव्हा हे शब्द कुठे होते? आज मिळाले, तेही चुकीवर.

मग भावाचा फोन. "ताई, बाबांचं ते चमकणारं घड्याळ तुझ्याकडेच आहे ना? ते मला द्यायचं म्हणत होते. पाठवून दे की."

"कधी म्हणाले?"

"कधी म्हणजे... नेहमीच. तू तरी काय करणार त्याचं?"

पाठवलं की सुटले. घड्याळ नव्हतंच, चूक नव्हतीच, बारा ठिपके सरांचे... छातीवरचं ओझं इतकं झटकन उतरलं की तिला स्वतःचीच किळस आली. आणि खरं सांगितलं तर? सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं लागेल – घड्याळ माझ्या वडिलांचं. त्यांनी मला दिलं होतं. मला.

"नाही," ती म्हणाली. "ते माझं आहे."

फोन ठेवला तेव्हा वीस मिनिटं उरली होती. पेन उघडंच होतं, सहीची जागा कोरी. सही करायची की नाही, ते अजूनही कळत नव्हतं. पण सकाळपासूनची भीती आता नव्हती. तिच्या जागी राग आला होता – एकच वस्तू दिली, तीही भावाला कबूल केलेली – बाबांचा, ते गेल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदाच, पोटभर.