ताईच्या बशीतला हिरवा उजेड

मित्रांनो, मी एक जुना, विझलेला दिवा आहे. वात-तेल शोधू नका हं! मी प्रथिन आहे. सुईच्या टोकावर माझी लाखो भावंडं ऐसपैस मावतील. आमचं मूळ घराणं समुद्रातल्या जेलीफिशचं. प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ताईने त्या घराण्यातल्या प्रथिनाला कॅल्शियम ओळखणारा तुकडा जोडला आणि मी घडलो. निळा प्रकाश पडला आणि कॅल्शियम भेटलं, की मी हिरवा लकाकायचो.

काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी होत्या, त्यांतल्या एकीत माझं घर. ताईच्या धाकट्या भावाच्या रक्तातल्या पेशींचं रूप पालटून तिने त्या वाढवल्या होत्या. त्याचं हृदय चालता चालता अडखळायचं, तशाच याही अडखळत. ठोका पडला की कॅल्शियमची लाट यायची आणि आम्ही सगळे एकदम उजळायचो. काय सुख होतं ते! झोपेत कुणी पाळणा हलवावा तसं.

ताई भावासाठी औषध शोधत होती. एकही लागू पडेना. मग एका औषधाने आमचा उजेड एका लयीत येऊ लागला. ताईचा आनंद गगनात मावेना. तिने निळा दिवा प्रखर केला आणि दुपारभर सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पाहतच बसली. अहो, इतक्या प्रकाशात आम्ही कसले टिकतो! एरवी हे तिला तोंडपाठ होतं. आम्ही फिके पडत गेलो आणि पडदा काळा झाला.

"मेल्या गं बाई पेशी! हे औषध तर विषच निघालं," ताई रडकुंडीला आली. तिने कुपी उचलून कचऱ्याच्या डब्यावर धरली. अगं, पेशी ठणठणीत आहेत, मी विझलोय! पण आम्हाला आवाज कुठला?

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई आल्या. "थांब, थांब! हा दिवा केव्हापासून चालू आहे? आधी साध्या उजेडात बघ बरं."

ताईने पाहिलं. पेशी धडधडत होत्या, अगदी लयीत.

"हात्तिच्या!" म्हणत ती रडता रडता हसली.

पेशींनी माझी नवी भावंडं घडवली. ताईने मंद उजेडात पुन्हा पुन्हा खात्री केली आणि डॉक्टरांनी तेच औषध भावाला सुरू केलं. मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे जरूर पाहा, पण त्याला सोसेल एवढ्याच उजेडात.

काल भाऊ बशी पाहायला आला होता.

"ताई, हे माझं हृदय?"

"तुझंच रे, वेड्या."

छातीवर हात ठेवून तो कितीतरी वेळ पाहत राहिला. त्या हिरव्या लाटेत मी नव्हतो. पण ठोका पडला की कॅल्शियम अजूनही मला भेटतं, आणि अंधारात का होईना, मी त्याला मिठी मारतो.