उजवा कौल

ठमाबाई सुनेला डोंगर दाखवायला नेणार, हे ऐकून मांडव्याच्या कोळीवाड्यानं तोंडात बोटं घातली. जी बाई सुनेला विहिरीवरसुद्धा एकटी सोडत नव्हती, ती म्हणे हौसेनं देवाच्या डोंगरावर नेणार! एकतीस सालचा वैशाख होता. ऊन मी म्हणत होतं आणि सासूच्या मागून केसर मुकाट चढत होती.

हौस कसली आलीय? दिघीला केसरची आय अंथरुणाला खिळली होती. माहेरचा शिवदास मचवा घेऊन आला, त्यानंच निरोप आणला, "म्हातारी सारखं तुझं नाव घेतेय गं." उद्या सकाळच्या भरतीला तो परत निघणार होता. त्यानंतर दर्या बंद, तो थेट नारळी पुनवेलाच उघडायचा. जमिनीनं जावं तर खाड्याच खाड्या. आणि आय काही पुनवेपर्यंत टिकणारी नव्हती. केसरनं सासूचे पाय धरले, तेव्हा ठमाबाई म्हणाली, "मी कोन सांगनारी? देवाला कौल लावू. त्यो व्हय म्हनला तर खुशाल जा."

डोंगर तरी किती देखणा! करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. एक शेकरू झुपकेदार शेपटी सावरत या झाडावरून त्या झाडावर झेपावलं. कड्यावर वानरांची टोळी बसली होती, पिल्लं आयांच्या पोटाला बिलगलेली. खाली दरीत भेकर भुंकलं.

"बघ गं, बघ," ठमाबाई दर वळणावर थांबून म्हणायची. "तुझ्या दिघीत असं काय हाय?"

केसर बघत होती, पण डोळ्यांत काही शिरत नव्हतं. त्या बिलगलेल्या पिल्लांकडे मात्र तिला बघवेना. माथ्यावरून सगळा दर्या दिसला, उन्हात चमकणारा, शिडंच शिडं. दक्षिणेकडे किनारा धुरकट होत गेला होता आणि दिघी काही दिसेना. एवढ्या मोकळ्या वाऱ्यात तिचा जीव कोंडला. वाटलं, इथूनच आयला हाक मारावी. पण सासू शेजारी उभी होती.

देवळात बाळाजी गुरवानं देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इथली रीत अशी, की गाऱ्हाणं मोठ्यानं घालायचं नाही, मनातच सांगायचं. ठमाबाईनं डोळे मिटून हात जोडले. केसरनंही जोडले. देवा, आयकडं जाऊ दे रे, एवढंच.

डावी पाकळी जरा सरकली. मग उजवी सुटली आणि टपकन खाली पडली.

"उजवा!" गुरव म्हणाला.

केसर हरखली, हसता हसता रडायलाच लागली. "आत्याबाय, देव पावला! मी जाते हां उद्या."

"कुटं जातेस?" ठमाबाई पाकळी कपाळाला लावत म्हणाली. "मी इचारलं, सून पुनवेपतुर घरात ऱ्हाऊ दे का? देव व्हय म्हनला. जवळा सुकायचा हाय, बोंबील भरायचं हायती. हात कमी पडत्यात गं."

अशी सासू! देवालाच पुढं घालून दाराला कडी लावली तिनं. पण जन्मात पहिल्यांदा केसर सासूला उलटून बोलली.

"मीबी इचारलं व्हतं. आयकडं जाऊ का म्हनून. मलाबी उजवाच दिला."

ठमाबाईचा चेहरा उतरला. देवाच्या दारात सुनेला खोटी कशी म्हणणार? दोघी गुरवाकडे बघू लागल्या. बाळाजी बिचारा भला माणूस, त्याला कुणाचंच मन मोडवेना.

"एका कौलात दोन गाऱ्हाणी? मग ह्यो कौल धरायचा न्हाय, बायांनो. एका दिवसात दोनदा लावायची रीतबी न्हाय." तो मायेनं केसरला म्हणाला, "रडू नको, पोरी. उद्या सकाळी या. तुझं एकटीचंच गाऱ्हाणं घालू."

"येऊ की!" ठमाबाई लगेच म्हणाली. "उद्या येऊ. देवाच्या कामाला घाई कशाला?"

खाली बंदरात शिवदासच्या मचव्यावर पाण्याची पिंपं चढत होती. उद्या सकाळी, ऐन भरतीच्या वेळेला, केसर पुन्हा याच पाषाणासमोर हात जोडून उभी असणार होती, आणि देव तिला होच म्हणणार होता.