कोपऱ्यातला वाजंत्री

मोनालीनं फ्रिस्कोतल्या नव्या घरासाठी रोमन शिल्प मागवलं, ते आलं आठ फूट लांब. दोन खिडक्यांमधली भिंत सातच फूट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. उद्या गृहप्रवेशाला चाळीस माणसं जेवायला येणार, आणि हा मोती अजून हॉलमध्ये चादरीवर आडवा पडलेला.

शिल्प म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोरीवकामाची कृत्रिम दगडातली नक्कल. मधे वेदी आणि डोक्यावरून कापड घेतलेला पुजारी. मागे बळीचा बैल आणि त्याला धरणारा गडी. उजव्या टोकाला एक श्रीमंत, अंगभर कापडाच्या चुण्याच चुण्या, काम काहीच नाही. डाव्या टोकाला दोन पावे एकदम तोंडात धरलेला वाजंत्री.

मोनालीचे वडील पंडितराव परभणीकडून परदेशी लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. शिल्प आलं त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मोने, समोर बाबासाहेबांचा फोटो, आणि इकडे यज्ञ कशाला गं?"

"बाबा, पूजा थोडीच करायचीय? शोपीस आहे."

यावर ते गप्प बसले. गप्प बसायची त्यांना सवय होती. लेक फोनवर मैत्रिणीला "माझे बाबा म्युझिक टीचर होते" म्हणाली, तेव्हाही ते बसलेच होते गप्प. चाळीस वर्षं त्यांनी लग्नांत सनई वाजवली. वाजवायला सगळ्यांच्या पुढे, पंगतीला सगळ्यांच्या मागे, तेही मांडवाबाहेर. त्या सनईवर पोरगी इंजिनिअर झाली. तिला लाज वाटत असेल तर वाटो, असं ते मनाशी म्हणायचे. पण टोचायचं.

सकाळी हेक्टर मिस्त्री आला. त्यानं माप घेतलं, मान हलवली आणि डाव्या टोकापासून फूटभर आत निळी टेप चिकटवली. बरोबर वाजंत्र्याच्या खांद्यापाशी.

"हा कट करावा लागेल, बाबा," मोनाली म्हणाली. "तसाही तो कोपऱ्यातच आहे."

पंडितराव उठले. "कोपऱ्यातच असतो तो. कापू नको त्याला."

लेकीनं चमकून पाहिलं. तीन आठवड्यांत बाबांनी चहात साखरसुद्धा मागितली नव्हती.

ते गुडघ्यावर बसले आणि त्या दगडी गालावर बोट ठेवलं. "गाल बघ, टम्म फुगलेत. आणि नाकपुडी बघ, ताणलेली. हा फुंकत नाहीये, दम घेतोय. गालातली हवा पाव्यात सोडायची आणि त्याच वेळी नाकानं श्वास ओढायचा. सूर तुटत नाही. ज्यानं हे कोरलं, त्यानं वाजवणाऱ्याला जवळून पाहिलंय."

"दॅट्स नॉट पॉसिबल, आजोबा," नऊ वर्षांची नात इशिता म्हणाली.

"ग्लासभर पाणी आण. आणि स्ट्रॉ."

बहात्तर वर्षांच्या माणसानं पाण्यात फुंकायला सुरुवात केली. बुडबुडे निघाले ते थांबेनात. हेक्टरनं घड्याळ पाहिलं. एक मिनिट झालं. दोन झाली. पंडितरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बुडबुड्यांची माळ तुटली नाही. अडीच मिनिटांनी त्यांनी स्वतःच स्ट्रॉ बाजूला ठेवली. हेक्टर टाळ्या वाजवायला लागला.

मोनालीनं शिल्पासोबत आलेला माहितीचा कागद उचलला. आठवडाभर तो तसाच पडून होता. "बाबा, यात लिहिलंय. पूजा चालू असताना पावा मधेच थांबला, तर सगळी पूजा पुन्हा पहिल्यापासून."

"मग? त्याशिवाय का उभा केलाय त्याला," पंडितराव म्हणाले.

"मॉम सेड यू वर अ म्युझिक टीचर," इशिता म्हणाली.

पंडितरावांनी नातीकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. उत्तर द्यायचं काम त्यांचं नव्हतं.

मोनालीला ते उत्तर जड गेलं, पण तिनं दिलं. "नाही, इशू. मी खोटं बोलले. आजोबा सनई वाजवायचे. लग्नात, मांडवाच्या दारात. आम्ही सगळ्यांत शेवटी जेवायचो. आणि त्यांच्याइतका दम सगळ्या जिल्ह्यात कुणाला नव्हता." मग ती वाकली. निळी टेप सोलून तिनं दुसऱ्या टोकाला लावली, त्या चुण्यावाल्या श्रीमंतावर. "हेक्टर, इथून कापा. उद्या सगळ्यांना मीच सांगणार आहे, हा कोपऱ्यातला कोण ते."

पंडितरावांनी टेपचं सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबून बसवलं.

दुपारी शिल्प भिंतीवर चढलं. वाजंत्री डावीकडे, अख्खा. हेक्टर कापलेला श्रीमंत बगलेत धरून उभा राहिला. याचं काय करायचं, असं त्यानं विचारलं.

मोनालीनं वडिलांकडे पाहिलं.

"दाराबाहेर उभा कर त्याला," पंडितराव म्हणाले. "उद्या शेवटच्या पंगतीला बोलावू."